रविवारचे दोन चमचे

महिला वसतिगृह, दादर, मुंबई
ता. २६ ऑक्टोबर १९९८

॥ श्री ॥

ती. सौ. आत्यास,
मनूचा शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. तू दिलेला चकल्यांचा डबा मात्र संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. शेजारच्या खोलीतल्या मुलींनी तुला नमस्कार सांगितला आहे आणि पुढच्या वेळी मोठा डबा दे असंही सांगितलं आहे.

आता मुद्द्याचं. हे पत्र काका मंडळात गेले असतील तेव्हाच वाच, आणि उभ्याने वाचू नकोस. माळ्यावर, लोणच्याच्या बरण्यांच्या मागे, मी निघताना एक निळा बिस्किटांचा डबा ठेवून आले आहे. शेजारी एक बाटली आहे. डब्यात केक आहे आणि बाटलीत त्याचं खाणंपिणं. भाऊबीजेला तुला सांगायचं म्हणून कितीदा तोंड उघडलं, पण दर वेळी काका येऊन बसले आणि माझ्या बोलण्यातल्या चुका काढत राहिले. फोन करावा तर फोन त्यांच्या आरामखुर्चीच्या हाताशी.

माझ्या कचेरीत रेमंड नावाचा मुलगा आहे. वसईचा. मराठी आपल्यासारखंच बोलतो, किंबहुना आपल्यापेक्षा गोड. आपण दिवाळी करतो तसा नाताळ करतो. पुढचं तू ओळखलंच असशील. नसशील तर पाणी पी आणि हा परिच्छेद पुन्हा वाच. मला त्याच्याशी लग्न करायचं आहे.

त्याचे वडील तो लहान असतानाच गेले. आईने, मोनिकाबाईंनी, शिवणकाम करून त्याला एकटीने वाढवलं. त्यांच्या होकाराशिवाय तो लग्न करणार नाही आणि तुमच्या दोघांच्या होकाराशिवाय मी करणार नाही, असं आमचं एकमेकांत ठरलं आहे. म्हणजे सध्या आम्ही दोघंही मोठ्या निर्धाराने काहीच करत नाही.

त्यांच्या घरापुरता एक रिवाज आहे. नाताळचा मोठा केक मोनिकाबाई दिवाळीच्या आधीच भाजून ठेवतात आणि दर रविवारी त्याला दोन चमचे पाजून मुरवतात. घरात सून यायची असेल त्या वर्षी हा केक मुलीच्या घरी मुरायला जातो. नाताळला मुलीकडचं वडीलधारं माणूस तो घेऊन येतं आणि आपल्या हाताने कापतं. ज्या घराला आपला केक माळ्यावरसुद्धा चालत नाही त्या घराला आपला मुलगा काय चालणार, असा मोनिकाबाईंचा सरळ हिशोब आहे. काका निर्व्यसनी मंडळाचे अध्यक्ष आहेत हे ऐकल्यावर तर केक त्यांच्याच घरी गेला पाहिजे असा त्यांनी हट्ट धरला. मला तो खवचटपणा वाटला, पण करते काय!

वसतिगृहात ठेवावा तर इथे बाई दर शनिवारी कपाटं उघडतात आणि उंदीर रोज. तेव्हा आता सगळं तुझ्यावर. बाटलीवरचं लेबल वाचलंस की तू ओरडशील. हळू ओरड. होय, ती रमच आहे.

काकांना नमस्कार, पण तो कोणत्या पत्रातून आला ते सांगू नकोस. माझ्यावरची माया थोडे दिवस केकवर वळती करावी, ही विनंती.

तुझी लाडकी (अजून आहे ना?),
मनू

---

नाचणे, रत्नागिरी
ता. ९ नोव्हेंबर १९९८

॥ श्री ॥

चि. मनूस,
आत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं आणि मग बसले ती उठेचना. रेमंडचा मला राग आला नाही. राग आला तो हा की आधी कचेरीला कळलं, मग वसईला कळलं आणि आत्याला सगळ्यात शेवटी. तुझ्या बाबांमागोमाग आईही गेली आणि तुला मी ह्या घरी आणलं, त्याच दिवशी ठरवलं होतं की ह्या पोरीला कशालाही नाही म्हणायचं नाही. त्याचा पश्चात्ताप पुढे पुष्कळदा झाला, पण शब्द तो शब्द. तेव्हा माझा होकार धर. यांचा कसा मिळवायचा ते मी बघते. माझा बेत साधा आहे: आधी केक घरात रुळू दे, मग जावई.

केक काढून पाहिला. काळा कुळकुळीत आणि वरवंट्यासारखा जड. पण वास असा की मी माळ्यावरच मांडी ठोकून बसले. आपण काकडीची तवसळी करतो, खाली निखारे, वर निखारे, तिच्याच जातकुळीतला दिसतो. फक्त हा पितो. मुंग्या लागू नयेत म्हणून डबा पाण्याच्या परातीत ठेवला आहे. अंडी किती घातली आहेत ते विचारून कळवू नकोस.

बाटलीचाही वास घेतला. जन्मात पहिल्यांदा. मनुका, दालचिनी आणि थोडी जळकी साखर. ह्याच्यापायी लोक बायकापोरांना उघड्यावर आणतात याचं मला फार नवल वाटलं. मी काहीतरी भयंकर असेल असं धरून चालले होते.

आता घडलं ते ऐक आणि घाबरू नकोस. बाटली मी शहाणपणा करून कोकमाच्या आगळाच्या बाटल्यांत लपवली. आपलं आगळ भंगारवाल्याकडच्या असल्याच बाटल्यांत असतं, यांनी लेबलं खरवडलेली असतात एवढंच. तुळशीच्या लग्नाला शेजारच्या दमयंतीताई मदतीला आल्या. मी तुळशीला हळद लावत होते, तेवढ्यात त्यांनी ती अख्खी बाटली पातेल्यात ओतून आळीतल्या बायकांना सरबत केलं! मला कळलं तेव्हा दुसरी फेरी चालू होती. यांनी स्वतः दोन पेले घेतले, यंदाचं आगळ झकास मुरलंय म्हणाले आणि मंगलाष्टकं सुरू केली. मी अंतरपाट धरून उभी, कोण पहिलं पडतंय बघत. कोणी पडलं नाही. यांची एक ओळ चुकली नाही. आपल्या आळीच्या बायका लोखंडाच्या आहेत हे मला त्या दिवशी कळलं. दमयंतीताई आता रोज त्या आगळाची कृती विचारतात.

बाटली रिकामी, आणि रविवार तोंडावर. शेवटी मासेवाल्या गुणवंतीला गाठलं. तिचा नवरा खंडू, ज्याची दारू यांनी सोडवली, त्याला अशा दुकानांची पूर्वीची ओळख आहे. रिकामी बाटली दाखवून म्हटलं, अगदी हीच आण, कोणाला बोलू नकोस. तिने माझ्याकडे पाहिलं, मग यांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी टोपलीत बांगड्यांखालून बाटली आली. हिचा वास मात्र इंजेक्शनच्या कापसासारखा येतो. नवीन असल्यामुळे असेल, मुरली की गोड होईल.

पहिले दोन चमचे पाजले. गुणी आहे, सांडलं नाही. तुलाही लहानपणी औषध असंच द्यावं लागे, फक्त तू थुंकायचीस.

पैसे जपून खर्च कर, आणि जीव आहे तिथेच असू दे, आमच्याकडे.

तुझी आत्या,
उमा

---

दादर, मुंबई
ता. १२ नोव्हेंबर १९९८

॥ श्री ॥

ती. सौ. आत्यास,
मनूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र कचेरीत वाचलं आणि तोंडात रुमाल कोंबून हसले. मग घाबरून रडले. साहेबांना वाटलं घरी कोणी गेलं.

तुळशीचं मी रेमंडला सांगितलेलं नाही. त्याच्या आईची बाटली आमच्या आळीने सरबत म्हणून संपवली हे कोणत्या तोंडाने सांगू? मोनिकाबाई दर रविवारी चर्चमधून आल्या की त्याच्याकडे केकची चौकशी करतात. मी आपलं ठरवून ठेवलं आहे: तब्येत उत्तम, आत्याशी छान जमलं आहे. रेमंड म्हणतो की आईने माझी चौकशी अजून एकदाही केलेली नाही, म्हणजे केकवरच सगळं आहे. आत्या, केक बिघडला तर त्या नाहीच म्हणतील ग, आणि मग मला पुढचं सुचतच नाही.

काकांना पत्ता लागू देऊ नकोस. तुम्ही दोघं, म्हणजे तू आणि केक, सांभाळून राहा.

तुझ्या आशीर्वादांची नेहमीपेक्षा जास्त गरज असलेली,
मनू

---

नाचणे, रत्नागिरी
ता. २३ नोव्हेंबर १९९८

॥ श्री ॥

चि. मनस्विनी हीस,
दत्तात्रेयाचे अनेक आशीर्वाद.

सर्व काही समजले आहे. निदान केकपर्यंत समजले आहे. कसे समजले ते क्रमाने लिहितो.

गेल्या आठवड्यात आपला खंडू सकाळीच नारळ घेऊन आला. माझ्यासमोर जमिनीवर बसला आणि त्याने माझेच व्याख्यान मला संपूर्ण ऐकवले, मी जिथे थांबतो तिथे थांबून. या वयात तोल जाणे ही लाजेची गोष्ट नाही, कबुली हीच पहिली पायरी, असे त्याने मला सांगितले. मी कसलीही कबुली देण्यास नकार दिला. तेव्हा त्याने फार समजूतदारपणे मान हलवली. कारण रोगी आधी नकारच देतो हे त्याला मीच शिकवले होते. जाताना त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि ते थरथरतात का हे पाहिले. रागाने ते थरथरत होतेच.

दुसऱ्या दिवशी मंडळाची कार्यकारिणी आली. अध्यक्षांच्या पत्नी मासेवालीकडून रम मागवतात ही बातमी मिरकरवाड्यापासून मारुती मंदिरापर्यंत पोचली होती. मी तुझ्या आत्यास विचारले. ती माळ्यावर चढली आणि डबा व बाटली माझ्यासमोर आणून ठेवली. वसईच्या कोणा मोनिकाबाईंचा केक आहे, तुझ्यामार्फत सांभाळायला आला आहे, आणि तो पितो, एवढे तिने सांगितले. आणखी काही आहे असे तिच्या चेहऱ्यावर होते, पण एका वेळी एकच प्रश्न हाताळावा.

मी कार्यकारिणीला सांगितले की पिणारा मी नसून हा आहे. सर्वांनी केकचे निरीक्षण केले. एकाने सुचवले की मांडवीच्या समुद्रात नेऊन टाकावा. मी त्यास ठाम विरोध केला. व्यसनी माणसास घराबाहेर काढू नये, त्यास घरात ठेवून सुधारावे, हे मी आयुष्यभर गावोगाव सांगत आलो. पहिलाच प्रसंग स्वतःच्या घरात आला तेव्हा नियम मोडू? तसा ठराव झाला. केक माझ्या देखरेखीखाली आहे. एकदम बंद करणे प्रकृतीस बाधते, म्हणून दर रविवारी मात्रा थोडी कमी करून तेवढा आवळ्याचा रस देत आहे. बाटलीचा वास मी प्रथमच घेतला. दवाखान्यासारखा आहे. माझ्या व्याख्यानातील वर्णन अधिक भीषण आहे असे वाटले, पण ते मी बदलणार नाही.

रुग्णाचा पूर्वेतिहास कळवावा. मूळ घरी किती घेत असे, कोणाच्या संगतीने लागली, घराण्यात आणखी कोणी आहे काय.

अंड्यांविषयी मला सांगण्यात आले आहे. तो निराळा विषय आहे आणि त्याचे मंडळही निराळे.

प्रकृतीस जप. माझा लोभ शिस्तीसह आहे हे तू जाणतेसच.

तुझा,
काका

---

नाचणे, रत्नागिरी
ता. १४ डिसेंबर १९९८

॥ श्री ॥

चि. मनूस,
आत्याचे अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला, कारण घरात आजारी माणूस. आजारी म्हणजे कोण ते तुला ठाऊकच आहे.

डबा आता माळ्यावर नाही, यांच्या टेबलावर असतो. सकाळी झाकण उघडून प्रकृती बघतात. दुपारी वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात. मी म्हटलं, मला ऐकू येतं, ओरडू नका, तर म्हणाले तुझ्यासाठी नाही. मध्ये एका रविवारी एकादशी आली. केकला त्या दिवशी रम चालेल का यावर यांचा बराच खल झाला. उपासाला रम चालत नाही हे एकमताने ठरलं. पण केक अंगानेच मैद्याचा, त्याला उपास घडणार कसा, इथे गाडी अडली. शेवटी शहाळ्याचं पाणी पाजलं आणि द्वादशीला सोडला.

आता तुला म्हणून सांगते. यांनी मात्रा कमी केली की माझ्या जिवाला घोर लागतो. मोनिकाबाईंचा केक कोरडा पडला आणि त्यापायी तुझं मोडलं तर? म्हणून हे दुपारी लवंडले की कमी केलेलं मी भरून काढते. थोडं वर जातं कधीकधी. अगो, लेकराच्या पानात वाढताना हात कुठे आखडतो? केक दिवसेंदिवस तुकतुकीत होत चालला आहे आणि हे म्हणतात बघ, आवळ्याचा गुण.

खंडूही रोज संध्याकाळी येऊन केकजवळ बसतो. आपली सुटली तर याची का नाही सुटणार, असं त्याला वाटतं. गुणवंती म्हणते की घरी पोरांनाही इतका वेळ दिला नव्हता.

आता खरं सांगायचं ते. परवा थंडी पडली आणि यांनी स्वतःचा मफलर काढून डब्याला गुंडाळला. तेव्हा मी ठरवलं, हीच वेळ, आणि रेमंडचं सगळं सांगून टाकलं. यांनी एवढंच विचारलं की मुलगा पितो का. म्हटलं, नाही. बरं म्हणाले आणि पानावरून उठले. मग दार लोटून बराच वेळ बोलत होते. माझ्याशी नाही, केकशी. धर्म, कूळ, लोक काय म्हणतील, सगळं बोलले. मी दाराबाहेर तांदूळ निवडत होते, एकेक खडा तीनतीनदा निवडला. बाहेर आले तेव्हा डोळे लाल. म्हणाले की हा केक आपल्या धर्माचा नाही हे इतक्या दिवसांत माझ्या लक्षातच आलं नाही.

मनू, मी तिथेच रडले ग. तांदूळ पुन्हा निवडावे लागले.

पण यांचं गाडं सरळ चालेल तर ते आमचे हे कसले. आता म्हणतात की रुग्ण जवळजवळ बरा झाला आहे, पुन्हा पिणाऱ्या घरात गेला तर केलेलं सगळं पाण्यात. तेव्हा मी स्वतः वसईला जाऊन घर बघणार, आणि घर निर्व्यसनी असेल तरच केक आणि मुलगी देणार. मोनिकाबाईंना तसं पत्रही लिहिलं. पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं. मी ते तांदळाच्या डब्यात टाकलं. माझा पाय मुरगळला आहे, मी येत नाही. हे एकटेच येतील, डबा मांडीवर घेऊन.

तू ठेवतेस तसा मोनिकाबाईंसमोर तोंडावर हात ठेवू नकोस, हसतेस ते डोळ्यांतून दिसतं. इकडे मी पाण्यात बुडवून ठेवलेल्या देवासारखी बसले आहे असं समज, आणि आशीर्वाद ओले असले तरी घे.

तुझी आत्या,
उमा

---

वसई
ता. २६ डिसेंबर १९९८

॥ श्री ॥

ती. सौ. आत्यास,
मनूचा शि. सा. न. वि. वि.

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर काका म्हणतील मुद्दे विस्कळीत आहेत.

काका नाताळच्या सकाळी आले. काळी टोपी, कडक इस्त्री, मफलरमधला डबा आणि पिशवीत तू दिलेली फणसपोळी आणि मोनिकाबाईंची रिकामी बाटली. स्टेशनवर रेमंड वाकून पाया पडला, तर त्यांनी आशीर्वाद देताना खाली वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला. गाडीत शेजारचे लोक एकेक करून उठून गेले आणि ऐसपैस जागा मिळाली याचं त्यांना फार कौतुक वाटत होतं. मला स्टेशनवरच कळलं का गेले ते.

मोनिकाबाई लहानखुऱ्या आहेत, पांढरीशुभ्र सुती साडी, बोलणं अगदी थोडं. घर इतकं लख्ख की पाय ठेवायला संकोच वाटावा. काकांनी नमस्कार केला आणि बसायच्या आधीच विचारलं की या घरात किती जण घेतात. त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं आणि एक घेत होता एवढंच म्हणाल्या. मग काकांनी डबा टेबलावर ठेवून झाकण काढलं.

आत्या, तू किती ओतलीस ग! खोलीत वास असा पसरला की भिंतीवरचा येशूही दचकला असेल. रेमंडच्या हातातला पेला तसाच राहिला. मोनिकाबाई पांढऱ्या पडल्या आणि खुर्चीत बसल्या.

मग त्या बोलल्या. रेमंडचे वडील दारूनेच गेले. ते गेले त्या दिवसापासून या घरात दारूचा थेंब आलेला नाही. ती बाटली त्यांची शेवटची. मोनिकाबाईंनी ती मोरीत ओतली, उकळत्या पाण्याने धुतली, आणि तेव्हापासून दर वर्षी तिच्यात काळ्या द्राक्षांचं आणि दालचिनीचं पाणी उकळून भरतात. लेबल मुद्दाम ठेवलं आहे, विसर पडू नये म्हणून. त्यांचा केक द्राक्षाच्या पाण्यात मुरतो, रममध्ये नाही. मुलगी निर्व्यसनी मंडळाच्या अध्यक्षांच्या घरची आहे हे कळल्यावर त्यांना पहिल्यांदा वाटलं की आपल्या मुलाला असंच घर हवं. म्हणून केक तिकडेच पाठवायचा हट्ट. तो खवचटपणा नव्हता ग, विश्वास होता. आणि तिथूनच तो पिऊन आला.

म्हणजे तुळशीच्या लग्नाला सगळ्यांनी द्राक्षाचं सरबत प्यायलं. रम त्यानंतर आपणच आणली. मी नुसतं लेबल वाचलं, रेमंडला विचारलंच नाही, आणि आपल्या घरात कोणी कधी वास घेतलेला नाही म्हणून कोणाला कळलंच नाही.

मला वाटलं, संपलं. रेमंडकडे बघायचा धीर होईना. तेवढ्यात काका उठून उभे राहिले. टोपी काढली. मी त्यांना लोकांसमोर टोपी काढताना कधी पाहिलं नाही. हात जोडून म्हणाले की शुद्धीवर असलेला पाहुणा माझ्या घरात बिघडला, दोष माझा. मी आयुष्यभर ज्या गोष्टीविरुद्ध बोललो तिचा वासही मला ओळखता आला नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी मान खाली घालून जाईन. पण ज्याचं पाऊल घसरलं त्याला घराबाहेर काढू नये एवढं एकच मला नीट ठाऊक आहे. ते माझ्या बाबतीत खरं धरा, आणि माझ्या चुकीची शिक्षा माझ्या मुलीला देऊ नका. आत्या, ते मुलगी म्हणाले. भाची नाही म्हणाले.

मग काकांनी सुरी घेतली, रिवाजाप्रमाणे केक कापला, आणि पहिला तुकडा स्वतः उचलला. दारू माझ्या घरची आहे, केक तुमचा आहे. दारूपायी तुमच्या हातचं नाकारणार नाही, असं म्हणून त्यांनी तुकडा तोंडाकडे नेला. त्यात अंडी होती, रम होती, सगळं होतं.

मोनिकाबाईंनी टेबलावरून हात पुढे करून त्यांचं मनगट घट्ट धरलं. एक हात मला कधी धरता आला नाही, निदान हा धरू द्या, असं म्हणाल्या आणि रडायला लागल्या. काकाही रडले. रेमंड आणि मी आधीच सुरू झालो होतो. मग काकांनी डोळे पुसून त्यांना समजावलं की रुग्णाच्या घरच्यांनी असं खचून चालत नाही, आणि मोनिकाबाई रडता रडता हसायला लागल्या त्या थांबेचनात. रेमंड म्हणतो, आईला असं हसताना त्याने पाहिलेलं नाही.

मग ताट आलं. नारळाच्या करंज्या, आपल्यासारख्याच, फक्त नाव निराळं, आणि रव्याचे लाडू. काकांनी करंजीला कातण नीट फिरवलं आहे का ते बघून दोन खाल्ल्या.

मोनिकाबाईंचा निकाल असा: केक अजून घरी यायच्या स्थितीत नाही. तो काकांनी परत न्यावा आणि पुरता बरा करून पुढच्या नाताळला आणावा. मुलगी मात्र आहे अशी चालेल, ती वैशाखात पाठवावी.

मला किती आनंद झाला आहे ते लिहिता येत नाही. तू इथे असायला हवी होतीस. पाय कसा आहे?

आजवरची माया तशीच चालू ठेव, फक्त आता दोन घरांत वाटून.

तुझी,
मनू

---

नाचणे, रत्नागिरी
ता. ४ जानेवारी १९९९

॥ श्री ॥

चि. मनूस,
आत्याचे अ. उ. आ. चि. रेमंडलाही, आता लपवून नव्हे.

हे सुखरूप पोचले. केकही पोचला, एक तुकडा कमी. गाडीत या खेपेलाही ऐसपैस जागा मिळाली म्हणे. तुझं पत्र मी दमयंतीताईंना वाचून दाखवलं. आळीने द्राक्षाचं पाणी प्यायलं हे ऐकून त्यांची निराशा झाली. त्यांना त्या दिवशी थोडं गरगरल्यासारखं वाटलं होतं असा त्यांचा आग्रह आहे.

दुपारचं चोरून पाजणं मी यांना कबूल केलं. रागावतील असं वाटलं होतं. म्हणाले की रुग्णाची आई हीच नेहमी उपचारातली अडचण असते, आणि मला मंडळाचं सभासद करून घेतलं. रमची उरलेली बाटली खंडूने नारळाच्या मुळाशी ओतली. त्याआधी यांना मी बुचाचा वास घेताना पाहिलं. मी बघतेय हे कळल्यावर म्हणाले, आता पुन्हा चूक व्हायला नको, ओळख असलेली बरी. नवं वर्णन व्याख्यानात घातलं आहे. त्यात इंजेक्शनचा कापूस आहे.

मोनिकाबाईंनी यांच्याबरोबर आपली जुनी बाटली भरून पाठवली. मनुका, दालचिनी, जळकी साखर, अगदी तोच वास. लेबल तसंच आहे. यांनी आपल्या बाटल्यांची सगळी लेबलं खरवडली, पण या एकीला हात लावला नाही. देवघराच्या खालच्या फळीवर ठेवली आहे. मोनिकाबाईंना मी पत्र टाकलं आहे की वैशाखात तवसळी माझ्याकडून.

घर मात्र सुनं होणार या विचाराने मी काल दिवसभर उगीच भांडी घासत होते. आम्हाला मूलबाळ नाही, तू आलीस म्हणून घराला घरपण आलं. आता तू जाणार म्हटल्यावर रविवार कसे काढायचे, असं यांना विचारलं. हे उठले, डबा आणला, मफलर सोडला, आणि चमचा माझ्या हातात देऊन म्हणाले की पहिला तू पाज, दुसरा मी.

तुझ्या वाटणीची माया तशीच आहे, तिला हात लावलेला नाही. केकला वेगळी काढली आहे.

तुझी आत्या,
उमा

ता. क. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी ये. त्याला सवय होऊ दे तुमची.